तांदळाएवढं कुंकू

१९४३ सालच्या दिवाळीला सापगावचा कान्हा मुंबईहून घरी आला तो गळ्यात काळी पेटी अडकवूनच. आसनगाव स्टेशनावर उतरून, शहापूरचा बाजार ओलांडून गावात पोचेपर्यंत त्यानं ती एकदाही खाली ठेवली नाही. वाटेत भेटेल त्यानं विचारलं, पेटीत काय? कान्हानं प्रत्येकाला सांगितलं की कॅमेरा आहे, चित्रशाळेचा आहे, लढाईमुळं फिल्म मिळत नाही म्हणून एकच रीळ दिलंय आणि त्यात आठच फोटो निघतात. एवढं सगळं कुणी विचारलं नव्हतं.

कान्हा कुणब्याचा पोरगा. हात चित्रात चालतो म्हणून बापानं दोन वर्षांपूर्वी त्याला मुंबईच्या एका चित्रशाळेत घातलं होतं. ह्या सुट्टीत त्याला एक काम नेमून दिलेलं होतं. आपल्या गावाचे सहा फोटो काढायचे आणि ते काळे-पांढरे फोटो हातानं रंगवायचे. तीन भडक रंगांत, तीन मंद रंगांत. वर्षाचे निम्मे गुण त्यावर होते.

भडक तीन त्यानं नाइलाजानं करायचं ठरवलं होतं. त्याचा जीव होता मंद रंगांवर. शाळेतले मास्तर म्हणायचे, रंग दिसला की चुकला, जाणवला की जमला. कान्हानं हे वाक्य वहीच्या पहिल्या पानावर लिहून ठेवलं होतं आणि तेव्हापासून त्याला आईचं पिवळं लुगडंसुद्धा डोळ्यांत खुपायला लागलं होतं. बाजारातल्या देवांच्या तसबिरी बघून तो नाक मुरडायचा. तीन वर्षांपूर्वी दिवाळीच्या पाडव्याला ह्याच पोरानं अर्ध्या गावाच्या बैलांची शिंगं लालभडक रंगवली होती, पण त्याची त्याला आठवण करून देण्यात अर्थ नव्हता. शिंगं फुटल्यावर वासरूसुद्धा कुणाचं ऐकत नाही.

चार दिवसांत त्यानं सात फोटो काढले. भातसा नदीवरचं धुकं, बाजारातली मिरच्यांची रास, दारावरचं झेंडूचं तोरण, बैलाच्या पाठीवरची झूल, खळ्यात रचलेली भाताची उडवी. एक फोटो पेटी हलल्यामुळं फुकट गेला आणि एक खटका चुकून दाबला गेल्यानं त्याच्या स्वतःच्या पायावर खर्च झाला. राहिला एक. मंद रंगांतला तिसरा फोटो त्यातून निघायला हवा होता, म्हणून कान्हा तो जपून ठेवून फिरत होता.

गोदीनं तो मागितला.

गोदी त्यांच्या शेतात कापणीला यायची. गावाबाहेरच्या वस्तीत तिची झोपडी. स्वतःचं शेत नाही, दुसऱ्याच्या बांधावर राबून पोट भरायचं. तिचा नवरा म्हादू पावणेदोन वर्षांपूर्वी सैन्यात भरती होऊन गेला होता, इराकात बसऱ्याकडे कुठंतरी. कान्हाला भातसेच्या डोहात पोहायला म्हादूनंच शिकवलेलं, म्हणून कान्हा तिला वैनी म्हणायचा. म्हादू गेला तेव्हा गोदी पोटुशी होती. पोरगा आता सव्वा वर्षाचा झाला होता, आणि त्याच्या बापानं तो अजून पाहिलेला नव्हता.

"दादा, तुज्या पेटीत एक जागा हाय का रे?" दुपारी बांधावर भाकर सोडता सोडता तिनं विचारलं.

"कशाला वैनी?"

"पोराचा फोटू काढ. तेंना धाडायचा हाय. श्रावणापासून कागद नाय तेंचा. पोराचं तोंड बघून तरी काय लिवतील." मग जरा थांबून ती म्हणाली, "हायेत का नाय तेवढं तरी कळंल."

तो म्हणाला, उद्या सकाळी या.

दुसऱ्या दिवशी गोदी आली ती ओळखूच येईना. ठेवणीतलं लुगडं, हातात हिरव्या बांगड्या, आणि कपाळावर आधी मेण लावून त्यावर दाबून बसवलेलं ठसठशीत कुंकू. भरती होण्याआधीच्या पौषात म्हादू तिला मुरबाडकडच्या म्हशाच्या जत्रेला घेऊन गेला होता. तिथून त्यानं लाकडी करंडा घेऊन दिला होता, झाकणाला आतून आरसा असलेला. त्यातलंच हे कुंकू. रोज ती त्यातलं चिमूटभरच घ्यायची, आज हात सैल सोडला होता.

तिच्यामागून तिची सासू आली होती, बाईजा. ती गोठ्याच्या आडोशाला उभी राहिली आणि पुढं येईना.

"मावशे, तूपण ये की," कान्हा म्हणाला.

"माजं काय काम रे? सवाशिणीच्या फोटूत माजं तोंड कशाला?"

बाईजा विशीतच विधवा झाली होती. विधवेनं कुंकू लावायचं नाही, ही रीत. कपाळ अगदीच उघडं नको म्हणून ती रोज सकाळी देवापुढचा काळा बुक्का बोटानं टेकवायची. वीस-बावीस वर्षं झाली, त्या कपाळाला दुसरा रंग लागला नव्हता. हळदीकुंकवाच्या, बारशाच्या, लग्नाच्या जागी ती आपली आपणच मागं सरायची. तिला कुणी सांगावं लागायचं नाही.

गोदीनं जाऊन तिचा हात धरला. "तेंची आय हाय ना? तेंना आय नको का बघायला?"

दोघी शेजारी शेजारी उभ्या राहिल्या, मध्ये गोदीच्या कडेवर पोर. कान्हानं श्वास रोखून खटका दाबला. पोरानं नेमका तेव्हाच हात हलवला.

आता इथं फिल्मची एक खोड सांगायला हवी. कान्हाच्या पेटीतली फिल्म लाल रंगाला आंधळी होती. निळं तिला दिसे, हिरवं दिसे, लाल मात्र दिसत नसे. लाल असेल तिथं ती काळं उमटवी. म्हणून तर चित्रशाळेच्या काळोख्या खोलीत फिल्म धुताना लाल दिवा लावला तरी चालायचा. हे कान्हाला चांगलं ठाऊक होतं. वहीत त्यानं ते खाली रेघ मारून लिहिलं होतं.

मुंबईत परत गेल्यावर त्यानं फोटो धुतले, छापले. मिरच्यांची रास कोळशाच्या ढिगासारखी आली, तिच्यावर त्यानं लाल चढवायची बरीच खटपट केली आणि शेवटी ती विटकरी करून सोडून दिली. गोदीचा फोटो मात्र बघताक्षणी त्याला आवडला. कागदाची टंचाई होती, तरी त्यानं त्याच्या दोन प्रती काढल्या. एक शाळेला, एक गोदीला. काडीला कापूस गुंडाळून, पाण्यासारखे पातळ रंग घेऊन तो आठ दिवस त्यावर बसला. लुगड्याला जेमतेम निळसर झाक, बांगड्यांना हिरव्याचा नुसता वास, चेहऱ्यांना सकाळच्या उन्हाचा रंग. आणि दोघींच्या कपाळांवर सारखेच दोन काळे ठिपके. ते त्यानं तसेच ठेवले. त्याला ते फार देखणे वाटले.

मास्तरांनाही वाटले. "सहांत हा सगळ्यात चांगला," ते म्हणाले. "ह्या दोन ठिपक्यांनी चित्र तोलून धरलंय."

कान्हा त्या रात्री हवेतच चालत खोलीवर गेला. ज्या गावात त्याचं सगळं लहानपण गेलं, तिथं काळ्या ठिपक्याला काय म्हणतात, हे त्याच्या एकदाही मनात आलं नाही. मुंबईला दोन वर्षांत माणूस एवढं विसरतो, हे मला तरी खरं वाटत नाही. पण तो विसरला खरा.

नाताळच्या सुट्टीत तो फोटो घेऊन आला आणि घरी पिशवी टाकून तडक वस्तीवर गेला. गोदी अंगणात नाचणी पाखडत होती. म्हादूचा कागद अजून आला नव्हता. तिनं हात पुसले, फोटो घेतला, आणि आधी पोराला बघून हसली. हललेल्या हातामुळं त्याला चार हात आल्यासारखं दिसत होतं.

"आगं आत्ये, ह्याला हात किती बघ."

मग तिचं हसू हळूहळू गेलं. ती फोटो उन्हात नेऊन बघू लागली. बाईजाही जवळ आली, वाकून बघितलं. तिचा हात आपोआप स्वतःच्या कपाळाकडं गेला.

"ह्यात सून कुठली नि सासू कुठली?" बाईजा म्हणाली.

ती हे रागानं बोलली नाही. तिनं खरंच विचारलं. आणि तेव्हा कुठं कान्हाला दिसलं. दोन बायका, दोघींच्या कपाळावर बुक्का.

"दादा, हे माज्या कपाळाला काय लावलंस?" गोदीनं विचारलं.

"मी काय नाय लावलं वैनी. फिल्मला लाल दिसत नाय. लाल काळंच येतं तिच्यात. कुंकवाचं तसं झालंय."

"फिल्मला नाय दिसत. तुला पण नाय दिसलं?"

आठ दिवस त्या कपाळाशी तो नाक लावून बसला होता.

"हे तिकडं गेलं नि तेंनी उघडलं, तर तेंना काय वाटंल?" गोदी हळूच म्हणाली. "बायकोच्या कपाळाला बुक्का. म्हंजे आपण मेलो म्हणतील." तिनं हसायचा प्रयत्न केला, तो जमला नाही. तिचे डोळे भरून आले. श्रावणापासून ती मनातल्या मनात जे ढकलत आली होती, ते आज कागदावर छापून तिच्या हातात दिलं होतं, आणि तेही घरच्यासारख्या माणसानं.

कान्हा पळतच घरी गेला आणि रंगांची पेटी घेऊन आला. ओसरीवर बसून त्यानं काडीनं लाल रंग ठिपक्यावर टेकवला. काळ्यानं तो गिळून टाकला. पुन्हा लावला, पुन्हा गेला. पातळ रंगाचं असंच असतं, पांढऱ्यावर तो बोलतो, काळ्यावर मुका होतो. तीनदा लावून झाल्यावर त्यानं दाढीचं पातं काढलं.

"हे वरचं काळं खरवडतो वैनी. खाली पांढरा कागद हाय, त्याच्यावर लाल बसंल."

गोदीनं फोटो ओढून घेतला. "कुंकू खरवडायचं?"

बाईजा दारातच बसली होती. ती म्हणाली, "नको रे पोरा. माजं तसंच काढलं व्हतं."

कान्हानं पातं गुंडाळून ठेवलं. कोंबड्या पाखडलेल्या नाचणीत शिरल्या तरी त्यांना कुणी हाकललं नाही. कान्हाला लाज वाटत होती, इतकी की भातसेत जाऊन बसावं. जाडा लाल रंग मुंबईला होता, आणि मुंबईहून तो आणेपर्यंत अजून महिना गेला असता. त्या महिनाभर हा फोटो गोदीच्या घरात राहिला असता.

मग गोदी उठली आणि आतून करंडा घेऊन आली.

तिनं भाताच्या काडाचं एक टोक दातानं बारीक केलं. कान्हाच्या लक्षात आलं तसा तो म्हणाला, "मेणानं फोटो खराब होईल." मग त्याला वाटलं, ह्याहून खराब काय होणार, आणि तो गप्प झाला. काड त्याच्या हातात द्यावं असं तिला वाटलं नाही आणि त्यानंही हात पुढं केला नाही. दुसऱ्याच्या बायकोच्या कपाळाला कुंकू लावायचं काम त्याचं नव्हतं. बाईजा सवयीनं तोंड फिरवून भिंतीकडं बघत बसली.

गोदीनं काडानं मेणाचा कण उचलला आणि फोटोतल्या आपल्या कपाळावर ठेवला. नखानं दाबला. मग करंड्यातलं कुंकू काडाच्या टोकावर घेतलं आणि त्यावर बसवलं. सगळं मिळून एका तांदळाएवढं. पण त्या निळसर, पिवळसर, मुक्या फोटोत ते असं उठून दिसलं की कान्हा जरा मागं सरला. एवढं भडक लाल त्यानं कुठल्याच फोटोत पाहिलं नव्हतं. त्याच्याशेजारी बांगड्यांचा हिरवाही खरा वाटायला लागला.

"वाटेत पडंल ते, वैनी."

"नाय पडत. दिसभर कापणी करते, घामानं नाय पडत," गोदी म्हणाली.

कान्हानं फोटोवर पातळ कागद ठेवला, दोन्ही बाजूंनी पुठ्ठा लावला आणि शहापूरच्या पोस्टात जाऊन तो स्वतः टाकून आला.

दुसरी प्रत शाळेत होती. मुंबईला पोचल्यावर त्यानं पहिलं काम ते केलं. जाडा लाल रंग घेऊन गोदीच्या कपाळावर तांदळाएवढा ठिपका ठेवला. मास्तरांनी चष्मा वर केला. "अरे, हे काय केलंस? हा तर मंद रंगांतला होता. आता कुठं लावू, भडकांत की मंदांत?"

"कुठंही लावा, सर."

"लाल फार झालाय."

"आमच्याकडं एवढाच असतो," कान्हा म्हणाला.

मास्तरांनी तो कुठंच लावला नाही. पाचच फोटोंचे गुण मिळाले. कान्हानं त्याबद्दल कुरकूर केली नाही. बरं, पहिल्या पानावरचं वाक्य त्यानं खोडलंही नाही. वही आईकडं गेली आणि तिच्या पानांत पापड बांधले गेले.

वैशाखात तो घरी आला तेव्हा शेतांत पालापाचोळ्याचे राब भाजून झाले होते आणि जमीन ठिकठिकाणी काळी पडली होती. वस्तीवरून गोदी धावतच त्याच्या अंगणात आली, हातात खाकी पाकीट. तिच्यामागं बाईजा, कडेवर पोर.

"काल आलंय. वाच."

पाकिटावर तपासणीचे शिक्के होते. अक्षर म्हादूचं नव्हतं. म्हादूला लिहिता येत नव्हतं, कुणा साथीदाराकडून तो लिहून घ्यायचा. पण बोलणं त्याचंच होतं. कान्हानं वाचायला सुरुवात केली.

"'मी खुशाल हाय. सहा महिने तापानं दवाखान्यात व्हतो, म्हणून कागद नाय घातला. आता बरा हाय.'"

गोदी खाली बसली. डोळ्यांना पदर लावून ती रडू लागली, आणि रडता रडताच "पुढं वाच, पुढं वाच" म्हणू लागली.

"'फोटू भेटला. पोर माज्या बापावर गेलंय. तेचे हात लय झालेत, कान्हाला म्हणावं कमी कर.'"

कान्हा हसला. मग पुढची ओळ त्यानं आधी मनात वाचली.

"'इकडं ऊन लय. मेण पाघळलं नि कुंकू सुटलं. पाकीट उघडलं तर वरच्या कागदाला सगळं लाल. मला वाईट वाटलं. मग त्या कागदाचं कुंकू मीच काडीनं खरडून घेतलं नि गोदीच्या कपाळाला परत लावलं. आता पेटीत ठेवतो, उन्हात नाय ठेवत.'"

"लावलं ना परत?" गोदीनं विचारलं.

"लावलं."

"तेंनीच लावलं?"

"होय वैनी, त्यानंच." कान्हा थांबला. "अजून एक ओळ हाय. मावशीसाठी."

बाईजानं पोराला खाली सोडलं आणि ती गोदीशेजारी टेकली.

"'आयला सांगा, पाघळताना थोडं कुंकू तुज्या कपाळाला पण लागलं. बुक्क्यावर. ते मी पुसलं नाय.'"

बाईजाचा हात कपाळाकडं निघाला आणि हवेतच राहिला, मग तिनं तो मांडीवर ठेवला. गोदी रडायची थांबून सासूकडं बघत होती.

"तेवढंच परत वाच रे," बाईजा म्हणाली.

कान्हानं परत वाचलं.

"म्हंजे तिकडं, तेच्या पेटीत, मी लाल हाय?"

"होय मावशे."

"भडक?"

कान्हानं जरा विचार केला. खोटं सांगावंसं त्याला वाटलं नाही. "नाय, मावशे. मेणात पाघळलेलं नि बुक्क्यावर बसलेलं. फिकंच असंल."

बाईजानं मान डोलावली. तिनं पोराला पुन्हा उचलून घेतलं.

"फिकं चालंल मला," ती म्हणाली.